पाठ लागली न्हाई

चैत्र लागला की माझा डावा कान ठणकायला लागतो. डॉक्टर म्हणतात, ऋतूचा आणि कानाचा काही संबंध नाही. डॉक्टर पुण्याचे आहेत, त्यांचा दोष नाही. आमच्या कृष्णाकाठी चैत्र म्हणजे जत्रा, जत्रा म्हणजे कुस्त्यांचं मैदान, मैदान म्हणजे हलगी, आणि हलगी म्हणजे माझा कान. परवा सांगलीतल्या घराच्या गच्चीवर बायकोनं मला पापड राखायला बसवलं होतं. नदीपलीकडून वाऱ्यावर हलगीचा कडकडाट आला, कान ठणकला, मी उठून कठड्याशी गेलो आणि मांडीवर सणसणीत थाप मारून असा शड्डू ठोकला की शेजारच्या गच्चीवरच्या बाई धुणं टाकून खाली पळाल्या. पापड कावळ्यांनी नेले.

हा कान मोडला तो माझ्या दाजींनी. सख्ख्या बहिणीच्या नवऱ्यानं, लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी. आमच्याकडं मेव्हण्यानं दाजीची खोड काढायची असते; नाही काढली तर तो दाजीचाच अपमान. मी तेव्हा कॉलेजात नापास होण्याच्या वयाचा. दाराआड दबा धरून बसलो आणि दाजी अंघोळीला म्हणून बाहेर आले तशी मागून त्यांच्या कमरेला मिठी मारली. त्यानंतरचं मला फक्त आभाळ आठवतं. मी गव्हाणीत उताणा पडलो होतो, आमची म्हैस माझ्याकडं बघत होती आणि दाजी वाकून अगदी कळवळून विचारत होते, "पाव्हणं, लागलं का वो?" कान गव्हाणीच्या काठावर आपटला होता. तो पुरीसारखा फुगला आणि पुढं तसाच वाळला. पैलवानाचा कान असा असतो. मी पैलवान नाही, पण कान आहे, आणि त्या कानाच्या जोरावर मी आयुष्यभर एसटीत खिडकीची जागा मिळवली आहे.

दाजींचं नाव शमुवेल. साताऱ्याकडचे, कोरेगाव भागातले. माझी थोरली बहीण रुथ, आमची आक्का, त्यांना दिली आणि साखर कारखान्यात हंगामी वॉचमनचं काम मिळालं म्हणून ते आमच्याच गावात, आमच्या शेजारच्या दोन खोल्यांत राहायला आले. पलूसच्या अलीकडं नदीकाठचं आमचं गाव. गावाच्या कडेला आमची मूठभर ख्रिस्ती घरं आणि एक कौलारू देऊळ. चर्चला आम्ही देऊळच म्हणायचो. घंटा घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून दाराशी रेल्वेच्या रुळाचा तुकडा टांगलेला होता. रविवारी तो बडवला की वस्तीतली कुत्री आधी उपासनेला हजर व्हायची.

गावच्या तालमीत मारुती होता. बाकीची पोरं हौदात उतरण्याआधी मारुतीला हात जोडत. दाजी जोडत नसत. त्यांनी त्यावर त्यांचा तोडगा काढला होता. सगळ्यांच्या आधी उठून ते तालमीत जात आणि हौदातली माती एकटे कुदळीनं उकरत. ताक, तेल, हळद, लिंबू घालून मळलेली ती तांबडी माती. तिचा वास आजही माझ्या डोक्यातून जात नाही. आंबट, गोड, घामट, लग्नघर आणि दवाखाना एकत्र केल्यासारखा. पहिल्या पहिल्यांदा पोरांनी कुरकूर केली. वस्ताद म्हातारा होता, मिश्कील होता. तो म्हणाला, "ह्यो देवाला हात जोडत न्हाई, पर देवाची माती ह्योच उकरतुय. देव काय ते बघून घील." विषय मिटला.

दाजींची प्रार्थना कुस्तीच्या आधी असे. मैदानाच्या कोपऱ्यात उभं राहून, डोळे मिटून, पुटपुटत. मी एकदा कान लावून ऐकली. समोरच्याचं हाड मोडू देऊ नको, एवढंच ते प्रभूला सांगत होते, आणि जमलं तर माझंही नको. मग ते डोळे उघडत आणि समोरच्याला असे आदळत की प्रभूची धावपळ होई. काय काय बघितलं मी त्या मैदानांत. उलटा फिरलेला घोटा. मातीत पडलेला दात आणि तो हुडकणारा त्याचा मालक. ओल्या पोत्यासारखा आदळलेला माणूस आणि त्या आवाजाला हजारो गळ्यांतून एकदम आलेला हुंकार. खोटं कशाला सांगू, मला ते फार आवडायचं. अजून आवडतं. दुसऱ्या दिवशी दाजी सायकलवर टांग टाकून, हळदीचा लेप डब्यात घेऊन, आदल्या दिवशी ज्याला पाडलं त्याच्या गावाला जात. त्याचं अंग चोळून देत. तिथं जेवायला वाढलं तर जेवत, बाहेर वाढलं तर बाहेर.

आमच्या देवळातल्या पाळकसाहेबांना हे काही पटत नव्हतं. उघडं अंग, देवाच्या नावची जत्रा, वर मारामारी; ख्रिस्ती माणसाला शोभतं का? दाजी खाली मान घालून ऐकून घेत. एकदाच बोलले, "साहेब, गावात बाकी कुठं एवढं खरं चालत न्हाई. पाठ मातीला लागली की लागली. मग त्यात पाटलाचं चालत न्हाई न् मास्तराचं चालत न्हाई."

मी सांगतोय तो हंगाम मोठ्या दुष्काळानंतरचा. बहात्तरचा दुष्काळ सरला, नदीला पाणी आलं, उसाला हिरवा रंग आला, आणि दुष्काळी कामावरची सुकडी खाऊन वाळलेली माणसं पुन्हा माणसांसारखी दिसायला लागली. दुष्काळात मैदानं झाली नव्हती. त्यामुळं त्या चैत्रात गावागावांना कुस्तीची अशी भूक सुटली होती की लग्नाच्या मांडवातसुद्धा वऱ्हाडी एकमेकांचे पट काढत होते. आक्काला दिवस गेले होते. कारखान्याचं उसाचं गळीत संपून दाजींचं काम थांबलं होतं. गावच्या विहिरीवर आम्हाला मज्जाव होता, म्हणून आक्का नदीवरनं पाणी आणायची. ती चढण आजही मी रिकाम्या हातानं चढलो तर मध्येच बसतो. ती घागर घेऊन, पोट घेऊन चढायची.

आणि त्याच वेळी कारखान्याच्या चेअरमननी, आबांनी, दाजींना जीप पाठवून बोलावून घेतलं. मीही मागच्या सीटवर चढलो. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण जीपमध्ये बसायची ती माझी पहिलीच वेळ होती.

आबा पडवीत झोपाळ्यावर बसले होते. चहा आला. आबांचा बशीसकट, आमचा पडवीच्या कोनाड्यात पालथ्या घातलेल्या दोन बिनकानाच्या कपांतून. आबांचा पुतण्या हणमंत कोल्हापूरच्या तालमीत तयार होऊन आला होता. आबांच्या गावच्या जत्रेत त्याची मोठी कुस्ती लावायची होती आणि भागात दाजींच्या तोडीचा दुसरा पैलवान नव्हता. आबांचं म्हणणं अगदी सरळ होतं. पोराला थोडा वेळ खेळव, लोकांची हौस फिटू दे, मग पड. अशा आधीच निकाल ठरवून केलेल्या कुस्तीला नुरा म्हणतात. आबा म्हणाले, त्यात खोटं असं काही नाही, ती रीतच आहे, मोठमोठे लढलेत. आणि जत्रा झाली की तुला कायम करतो. कारखान्याच्या चाळीत खोली. खोलीत नळ.

नळ म्हटल्यावर मी दाजींकडं बघितलं. दाजी कपातल्या चहाकडं बघत होते.

"आबा, मी लढून पडंन, न्हाईतर लढून पाडीन," ते म्हणाले. "पडून दावायचं मला जमत न्हाई."

आबा हसले. त्यांनी नळाचं पुन्हा सांगितलं. दाजींनीही तेच वाक्य पुन्हा सांगितलं, जरा हळू. आता इथं एक गोम आहे. आबांच्या आयुष्यात त्यांना कुणी नाही म्हटलेलंच नव्हतं. जे नाही म्हणत ते घासाघीस म्हणून म्हणत, आणि शेवटी हो म्हणत. त्यामुळं दाजींचा नकार त्यांच्या कानात शिरेपर्यंत होकार झाला. आम्ही घरी पोचायच्या आत त्यांचा माणूस वस्तादाला सांगून गेला होता, ठरलं म्हणून.

आक्का भाकरी थापत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं. भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली, आणि मगच बोलली. "रोज तालमीत पडताच की. ह्या खेपेला पडला तर काय अंग झिजतंय का तुमचं?"

"तितं खरं पडतो," दाजी म्हणाले.

मी आक्काच्या बाजूनं होतो. मी तर अंगणात त्यांना पडायचे प्रकारच करून दाखवले. एक घेरी आल्यासारखं. एक पाय घसरल्यासारखं. एक संगीत नाटकात राजा मरतो तसं, एक हात छातीवर, एक हात सिंहासनाकडं. दाजी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. पण तसूभर हलले नाहीत.

पुढं मी सरकारी कचेरीत नोकरी केली आणि तेव्हा मला कळलं की सगळे जण नुराच लढत असतात. साहेबाच्या विनोदाला हसणं ही नुरा. ज्याला शिव्या द्यायच्या त्याच्या सत्काराला हार घेऊन जाणं ही नुरा. मीटिंगमध्ये आधी भांडायचं, मग समजूत पटल्यासारखं दाखवायचं, हे तर अगदी वेळ लावून. देवळात गुडघे टेकताना सुद्धा आपण कितीदा आधी ठरवून टेकतो. कुणाला काही लागत नाही, कुणाचं हाड मोडत नाही, सगळे अंग झटकून घरी जातात. ती पद्धत सोयीची आहे, मी तिला नावं ठेवत नाही. फक्त दाजींना ती जमत नव्हती. काहींना पोहता येत नाही, तसं.

मैदान नांगरलेल्या रानात होतं. झाडांवर माणसं, बैलगाड्यांवर माणसं, माणसांच्या खांद्यांवर माणसं. ऊन असं की छत्रीतून शिरत होतं. सकाळपासून लहान पोरांच्या नारळावरच्या कुस्त्या झाल्या, मग मधल्या जोड्या झाल्या, एकाचा खांदा निखळला, एकाला उचलून नेला, हलगीवाल्यांच्या बोटांतून रक्त आलं. आणि उन्हं कलली तेव्हा हणमंत आणि दाजी आखाड्यात उतरले. हणमंत उंच, रेखीव, मानी. त्याला नुराचं कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर त्यानं चुलत्याचंच नरडं धरलं असतं. रिवाजाप्रमाणं दोघांनी हात मिळवले, वाकून मूठ मूठ माती घेतली. ज्याच्या घरात दाजींचा कप कोनाड्यात पालथा होता त्यानं दाजींच्या छातीला माती लावली, दाजींनी त्याच्या मानेला लावली.

मग सुरू झालं. आधी नुसत्या मानेवर थपडा, कपाळाला कपाळ, रेड्यांसारखे. हणमंतचं कोपर दाजींच्या ओठावर बसलं, ओठ फाटला. दाजींच्या डोक्याची धडक हणमंतच्या नाकावर बसली, नाक फुटलं. दोघांच्या अंगावरची माती रक्तानं काळी झाली. एकदा हणमंतनं दाजींना उचललं आणि बाहेर बसलेल्या लोकांवर फेकलं. एक म्हातारा सापडला, त्याला पागोट्यासकट बाजूला ओढला. आबा खुर्चीत निवांत होते. त्यांना वाटत होतं, चांगलं खेळवतोय. आणि मग दाजींनी खाली वाकून हणमंतचा पाय खेचला, त्याला जमिनीवर घेतला, पाठीवर बसून कबजा केला, आणि इंच इंच उलटा करायला लागले. हणमंत डोक्यावर आणि टाचांवर कमान करून उभा. मानेच्या शिरा दोरासारख्या. कमान वाकली. वाकली आणि कलंडली.

शिट्टी झाली. पंचांनी बघून वाजवली की आमच्या तालमीची पोरं त्यांच्या अंगावर धावून गेली म्हणून वाजली, ते देव जाणे. पोरांनी दाजींना खांद्यावर घेतलं. हलगी पिसाळली. मीही नाचत त्या घोळक्यात शिरलो आणि बघतो तर दाजी खांद्यावरनं खाली उतरायला धडपडत होते, ज्यांनी उचललं त्यांच्या डोक्यात गुद्दे घालत होते.

"उतरवा. पाठ लागली न्हाई."

एकानं त्यांच्या पोटात ढुशी दिली, गप बसा म्हणून. मी उडी मारून त्यांच्या तोंडावर हात दाबला. दाजी मला चावले. तळव्याला, चांगले कडकडून. हात काढला तसे ते पुन्हा तेच म्हणाले, खाली उतरले आणि रक्ताळलेल्या तोंडानं पंचांसमोर जाऊन उभे राहिले. पंच म्हणाले, शिट्टी झाली आहे. दाजी म्हणाले, "शिट्टी झाली आसंल. ह्याचा उजवा खांदा वर व्हता. मी वर बसलो व्हतो, मला ठावं हाय."

हणमंत मातीत बसून नाक धरून होता. त्यानं मान वर करून दाजींकडं बघितलं. तसं बघणं मी पुढं कुठं बघितलं नाही.

तोवर आबांच्या बाजूला काय वाटायचं ते वाटून गेलं होतं. शब्द मोडला, असं त्यांना वाटलं, आणि दगड सुरू झाले. दगड, चपला, नारळ, छत्र्या. हलगीवाल्यानं हलगीची ढाल केली. बंदोबस्ताचा हवालदार कडुलिंबाच्या झाडावर चढला, तिथं आधीच बसलेल्यांनी त्याला हात दिला. एका बैलानं गाडी उलटवली. माझ्या शेजारच्या माणसाचं डोकं फुटलं आणि त्याला ते कळायच्या आधी तो दुसऱ्याचं फोडून मोकळा झाला. एक दगड दाजींच्या भुवईवर बसला. ते हलले नाहीत. आबा खुर्चीवर उभे राहून ओरडले तेव्हा दगड थांबले, आणि पंचांनी, दुसरं काही सुचेना म्हणून, कुस्ती पुन्हा लावली.

दाजींच्या कपाळाला फेट्याची चिंधी बांधली होती. डाव्या डोळ्यात रक्त उतरत होतं. दोघांनी पुन्हा हात मिळवले, पुन्हा माती लावली. या वेळी फार वेळ लागला नाही. हणमंतनं आत शिरून दाजींचा दंड बगलेत धरला, कमरेत वळला, आणि दाजी हवेतून त्याच्या खांद्यावरून गेले. ती ढाक होती. मी हजार ढाका बघितल्या असतील, अशी नाही. धप्प. दोन्ही खांदे, पाठ, सगळं. मातीत दाजींचा ठसा उमटला.

मग आबा हसायला लागले. त्यांनी मांडीवर थाप मारली, दाजींकडं बोट केलं आणि शेजारच्याला म्हणाले, काय नाटक केलं गड्यानं. ते बोलणं खुर्च्यांवरनं गाड्यांवर, गाड्यांवरनं झाडांवर गेलं. लोकांना सगळं उलगडलं. आधी पाडायचं, मग पाठ लागली नाही म्हणायचं, मग पडायचं, वा. खांदा वर होता म्हणाला ते सुद्धा ठरवूनच. खरं बोलणारा माणूस त्या गर्दीत कुणाला दिसलाच नाही, दिसला तो एक पट्टीचा नट.

आमच्या तालमीच्या पोरांना ते सोसलं नाही. त्यांनी गावाची अब्रू खांद्यावर घेतली होती आणि दाजींनी ती विकली होती. परतताना उसातल्या गाडीवाटेवर त्यांनी आम्हाला गाठलं. दाजींचा एक नेम होता, आखाड्याबाहेर हात उचलायचा नाही. मी त्यांना ओरडून सांगितलं की आज नेम मोडा, प्रभू समजून घेईल. त्यांनी दोन्ही हात पाठीमागं धरले आणि उभे राहिले. मग सोटे, उसाची कांडकी, गाडीची शिवळ, जे हाताला येईल ते. मी जमेल तेवढं चावलो, मला कुणीतरी पाटात फेकलं. पाटातनं मला आवाज ऐकू येत होते. एक आवाज उसाचं कांडं मोडावं तसा होता. ते दाजींच्या गळ्याजवळचं हाड होतं. एक पोरगा, ज्याला दाजींनीच डाव शिकवले होते, मारताना रडत होता आणि रडताना मारत होता. शेवटी ते दमले म्हणून थांबले.

हाडवैद्यानं हाड बसवलं, अंड्याच्या बलकात भिजवलेल्या पट्ट्या बांधल्या आणि हात छातीशी जखडून टाकला. दाजी बाजेवर पडून राहिले. आक्का त्यांना भरवायची, पुसायची, कूस बदलून द्यायची. पण त्या दिवसाबद्दल तिनं एक अक्षर विचारलं नाही. आणि दाजींनी सांगितलं नाही. मी मात्र पुन्हा पुन्हा सांगत होतो, प्रत्येक वेळी थोडं रंगवून. त्यामुळं माझ्यावर कुणाचा विश्वास नव्हता.

पाळकसाहेब आले. भला माणूस. त्यांनाही सगळीकडून नुराच कळली होती. ते म्हणाले, ईस्टर आलाय, प्रभुभोजनाआधी देवळातल्या मंडळीपुढं चूक कबूल कर, दोन शब्द बोल, सगळे माफ करतील, मग पुन्हा कुणी विषय काढणार नाही. खरं तर ते सुटकेचं दार उघडून देत होते. "साहेब, खोटं पडलो न्हाई मी," दाजी म्हणाले. "आन न केलेल्या पापाची माफी घेतली तर तेच पयलं खोटं हुईल."

ईस्टरला दाजी गळ्यात हात बांधून सर्वात मागच्या बाकावर बसले. रुळ बडवला, गीत झालं, भाकर आणि प्याला फिरला. आक्कानं घेतला. मी घेतला. मागच्या बाकापर्यंत तो गेला नाही. आक्कानं मागं वळून बघितलं नाही, तिच्या मानेवर घाम होता. पुढं काही आठवड्यांनी मंडळीनं दाजींना परत प्रभुभोजनाच्या टेबलाजवळ घेतलं, ते कसं आणि कुणाच्या सांगण्यावरून, हे मला आता आठवत नाही. आठवते ती ईस्टरनंतरच्या आठवड्यातली जीप.

जीप वस्तीत शिरली तशी पोरं मागं धावली. आबांचा कारकून उतरला. आबा शब्दाचे पक्के, तो म्हणाला, सोमवारपासून कायम. हाताला बरं वाटेपर्यंत बसून पगार. खोली झाडून ठेवली आहे. नळाला दोन्ही वेळ पाणी.

सगळी वस्ती आमच्या दारात. आक्का घागर कमरेवर घेऊन नदीवरनं नुकतीच वर आली होती, धापा टाकत होती. तिनं घागर खाली ठेवली, आत गेली, बाजेपाशी उभी राहिली. मी दारातच होतो.

"आवं, एकच इचारते," ती म्हणाली. "पडला, का पाडलं?"

"पाडलं," दाजी म्हणाले.

आक्काचा एक हात पोटावर होता. तिच्या चेहऱ्यावर काय चाललं होतं ते मी सांगू शकत नाही, आणि मी काहीही सांगू शकतो, हे एव्हाना तुमच्या ध्यानात आलं असेल. मग ती बाहेर आली.

"आबास्नी सांगा, आमचं मालक हरल्यात," ती कारकुनाला म्हणाली. "हरलेल्या पैलवानाला इनाम नसतंय."

जीप मोकळी गेली. पुढल्या हंगामाला दाजींना वॉचमन म्हणूनही घेणार नाही, असं कारखान्यातनं कळलं. पावसाळ्याच्या तोंडाला ती दोघं साताऱ्याकडं निघून गेली, तिथंच भाची झाली. पण ते नंतरचं.

त्या दिवसांत हणमंत भागात नुसता धुमाकूळ घालत होता. स्टँडवरच्या पानवाल्यानं सहज विचारलं, काय पैलवान, आबांनी कुस्ती बरी बसवली. तो पानवाला टपरीसकट आडवा झाला. बाजारात एकाला टोमॅटोच्या ढिगात उलटा रोवला. पारावर बसलेल्या दोघांची डोकी एकमेकांवर आपटली. जो म्हणेल नुरा, त्याला मार. आणि जेवढा तो मारत होता तेवढं लोकांना पक्कं पटत होतं. शेवटी त्याच्या चुलत्यानंच त्याला बसवून सांगितलं, अरे बाबा, मीच ठरवून दिली होती.

जीप मोकळी परत गेल्याचं त्याला कळलं आणि दुसऱ्या दिवशी भर दुपारी तो आमच्या वस्तीत आला. चालत, एकटा. नाक अजून सुजलेलं. दारं पटापट लागली. आमचं उघडं राहिलं, कारण ते लागत नव्हतं. तो उंबऱ्याशी थांबला. आक्कानं त्याला काय विचारावं ते न सुचून, पाहुण्याला विचारतात तसं, पाणी विचारलं. तो हो म्हणाला. ती क्षणभर घुटमळली, मग तांब्या भरून दिला. त्यानं तो तोंडाला लावून, आमच्या घरचं पाणी, घटाघटा संपवलं आणि आत आला.

दाजी बाजेवर उठून बसले.

"मला आता कळंनासं झालंय," हणमंत म्हणाला. एवढ्या मोठ्या माणसाचा आवाज पोरासारखा झाला होता. "चुलता म्हनतुय ठरलं व्हतं. तू सांग. मी पाडलं का तुला?"

"पाडलंस."

"शपथ घे."

"शपथ घेत न्हाई मी. पाडलंस म्हटलं न्हवं."

हणमंत खाली बसला. त्याचं समाधान झालं नव्हतं. तो म्हणाला, दगड लागला होता तुला, डोळ्यात रक्त होतं, म्हणून पडलास. दाजींनी डोळे मिटले. मी त्यांना चांगला ओळखत होतो; ते खरोखर आठवून बघत होते, ती ढाक पुन्हा एकदा अंगावर घेऊन बघत होते.

"रगत डाव्या डोळ्यात व्हतं," ते म्हणाले. "तू उजवीकडनं आलास. मला दिसत व्हतास. दिसत आसून थोपवता आलं न्हाई, लय नामी मारलीस."

हणमंतचा चेहरा असा उजळला की मला वाटलं कुणी कौल सरकवलं. ज्या माणसानं हजारो लोकांपुढं स्वतःची जिंकलेली कुस्ती, खांदा वर होता म्हणून, परत करून टाकली होती, त्याचं हे बोलणं होतं; ते त्याला लागलीच पटलं. तो उठला, मोठ्यानं हसला, की रडला, आणि पुढं झेप घेऊन त्यानं दाजींना दोन्ही हातांनी कवटाळलं. कोल्हापूरच्या तालमीत कमावलेल्या हातांनी.

कडाक् असा आवाज आला. बसत आलेलं हाड पुन्हा मोडलं.

दाजींची किंकाळी नदीपर्यंत गेली असेल. आक्का चुलीपुढची लोखंडी फुंकणी घेऊन धावली आणि तिनं हणमंतच्या पाठीत घातली, एकदा, दोनदा, शिव्यांसकट. जीपचं, नळाचं, चढणीचं, सगळं त्या फुंकणीत आलं. हणमंतनं पळ काढला नाही. तो पाठ वाकवून, डोळे पुसत, तसाच उभा राहिला.

"मारा वैनी," तो म्हणत होता. "आजून मारा."

आणि आक्कानं त्याला निराश केलं नाही.